बीटा फर्मवेअर चढवण्याआधी: जुनी फाइल हातात हवी

सर्वांत महत्त्वाचं आधी सांगतो. वायफायच्या यंत्रणेत सध्या जे फर्मवेअर, म्हणजे डिव्हाइसच्या आतलं सॉफ्टवेअर, चालू आहे त्याची फाइल, त्याच व्हर्जनची, प्रत्येक मॉडेलची वेगळी, लॅपटॉपवर डाउनलोड केल्याशिवाय कंट्रोलरमधलं, म्हणजे सगळी डिव्हाइस एका जागेवरून सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममधलं, अपडेटचं बटण दाबायचं नाही. नवी फाइल कंट्रोलर स्वतः ओढून घेतो, जुनी कोणी आणून देत नाही. गेल्या खेपेला माझ्याकडे बाकी सगळं होतं, फक्त ती नव्हती. खाली समुद्राकाठच्या वाडीत मोबाइलला रेंज नाही, घरातलं इंटरनेट ज्या राउटरमधून येतं तोच गप्प, आणि एका छोट्याशा फाइलसाठी पाखाडी चढून सड्यावर जाऊन बसावं लागलं. होमस्टे असो, छोटं रिसॉर्ट असो की शाळा, एक कंट्रोलर आणि चार-सहा अॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारे डबे) सांभाळणाऱ्या प्रत्येकाने तयारी या फाइलपासून सुरू करावी.

मुळात प्री-रिलीज, म्हणजे अंतिम होण्याआधीचं व्हर्जन, चढवायचंच का, हे ठरवा. बीटा, रिलीज कॅन्डिडेट, टेस्टिंग, नाव काहीही असलं तरी त्याची तपासणी अजून चालू आहे. रिलीज नोट्स पूर्ण वाचा. तुम्हाला छळणारा दोष त्यात दुरुस्त झाल्याचं स्पष्ट लिहिलं असेल तरच पुढे जा. नवीन आलंय एवढं कारण पुरत नाही. त्याच नोट्समध्ये माहीत असलेल्या दोषांची यादी असते, आणि कधीकधी एक ओळ असते की या व्हर्जनवरून मागे जाता येणार नाही. ती ओळ दिसली तर तिथेच थांबा, कारण मग जुनी फाइल जवळ असूनही डिव्हाइस ती स्वीकारणार नाही. मायक्रोटिक कंपनीचा राउटर वापरत असाल तर आधी अपडेटची चॅनल बघा. स्टेबल, लाँग-टर्म, टेस्टिंग आणि डेव्हलपमेंट अशी ती वेगळी असतात, आणि कोणीतरी प्रयोगासाठी टेस्टिंगवर ठेवलेलं तसंच राहून जातं.

वेळेबद्दल माझं मत ठाम आहे. मे महिना, गणपती, दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते ३१ डिसेंबर, या काळात हात लावायचा नाही. गणपतीला सगळे चाकरमानी घरी असतात आणि घराघरांतून व्हिडिओ कॉल चालू असतात. बाकी दिवसांत सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी करा. पाहुणे रविवारी दुपारी निघालेले असतात, शिडीवर चढायला उजेड असतो आणि केबलवाला फोन उचलतो. मेअखेरीला आणि ऑक्टोबरात दुपारनंतर ढग भरून येतात, विजा कडाडतात, लाइट जाते. त्या दिवसांत अकरा वाजेपर्यंत आटोपत नसेल तर सुरूच करू नका.

लाइटचं तर बघाच. फर्मवेअर लिहिलं जात असताना वीज गेली की डिव्हाइस मरू शकतं. बाकी बहुतेक बिघाड निस्तरता येतात, हा फार अवघड. राउटर, पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारा) आणि ज्या मशीनवर कंट्रोलर चालतो ते मशीन, तिन्ही यूपीएसवर हवीत. घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर आहे का पाहा. साध्या मोडमध्ये बदली होताना क्षणभर वीज तुटते. पंख्याला त्याने काही होत नाही, राउटर मात्र रीस्टार्ट होतो. नुसतं विचारू नका, मेन स्विच पाडून बघा. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली हवी, हे सांगायला नको.

आता जे शहरातल्या सूचनांमध्ये सापडत नाही ते. आपल्याकडे खाऱ्या वाऱ्याने आरजे-४५ च्या, म्हणजे नेटवर्क केबलच्या कनेक्टरच्या, पिना हिरव्या पडतात. वर्षभर बंद न झालेला अॅक्सेस पॉइंट तशाच जोडणीवर कसाबसा चालत राहतो. अपडेटनंतर तो रीस्टार्ट होतो, पुन्हा लिंक जुळवायला जातो आणि जुळत नाही, किंवा गिगाबिटच्या जागी १०० मेगाबिटवर जुळते. मग दोष फर्मवेअरला जातो आणि माणूस दिवसभर चुकीच्या ठिकाणी शोधत बसतो. म्हणून अपडेटच्या आदल्या दिवशी काहीही न बदलता सगळी डिव्हाइस एकदा नुसती रीस्टार्ट करा. जे परत येत नाही त्याचा दोष जुना आहे, हे तिथेच कळेल. स्विचच्या प्रत्येक पोर्टची लिंक स्पीड वहीत लिहून ठेवा. हिरवी पडलेली टोकं कापून नवीन कनेक्टर मारा. पडवीतले आणि झाडावरचे अॅक्सेस पॉइंट उघडून बघा. रिकाम्या पोर्टमध्ये कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं असतं, झाकणाखाली मुंग्या असतात. केबल वरून थेट डब्यात शिरत असेल तर तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोलावरून गळून जाईल.

बॅकअप. कंट्रोलरचा बॅकअप कंट्रोलरमध्येच पडून असेल तर तो नसल्यासारखाच. फाइल डाउनलोड करा, नावात व्हर्जन आणि तारीख घाला, लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर ठेवा. नव्या व्हर्जनमधून काढलेला बॅकअप सहसा जुन्या कंट्रोलरमध्ये चढत नाही. म्हणून अपडेटआधी काढलेला बॅकअप हाच मागे जाण्याचा मार्ग आहे, तो नंतरच्या बॅकअपने पुसू नका. कंट्रोलरच्या मशीनवर डिस्कची जागाही बघा. काही कंट्रोलर अपडेटनंतर पहिल्यांदा सुरू होताना आतला डेटाबेस नव्या रूपात लिहून काढतात, जागा संपली की ते काम अर्ध्यात अडकतं.

काही गोष्टी कागदावर हव्यात, फोनमध्ये नकोत. इंटरनेट पुरवणाऱ्याने दिलेलं पीपीपीओईचं (इंटरनेटच्या लॉगिनचं) युजरनेम आणि पासवर्ड, व्हीलॅन (एकाच केबलवरचं वेगळं नेटवर्क) नंबर असेल तर तो, कंट्रोलरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), प्रत्येक डिव्हाइसचा मॅक पत्ता (कारखान्यातून आलेला ओळख क्रमांक) आणि ते कुठल्या खोलीत आहे. शिवाय डिव्हाइसचा स्वतःचा पासवर्ड. कंट्रोलरने अॅक्सेस पॉइंट ताब्यात घेतला की त्यावरचा फॅक्टरी पासवर्ड बदलतो, आणि नवा पासवर्ड कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये कुठेतरी आत लिहिलेला असतो. कंट्रोलर बंद पडल्यावर तो बघणार कुठे?

आता पुन्हा जुनी फाइल. मॉडेलचं नाव तेच असलं तरी मागच्या स्टिकरवर हार्डवेअर व्हर्जन वेगळं असू शकतं, आणि एकाची फाइल दुसऱ्याला चालत नाही. स्टिकर वाचा, फोटो काढा, मग फाइल शोधा. राउटरची वेगळी, स्विचची वेगळी, आतल्या आणि बाहेरच्या अॅक्सेस पॉइंटच्या वेगळ्या. कंट्रोलर सॉफ्टवेअर म्हणून चालत असेल तर त्याचा जुना इन्स्टॉलरही घ्या. कंपनीने चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का ते ओळखण्याचा आकडा) दिला असेल तर जुळवून बघा. विंडोजमध्ये तो सर्टयुटिल हॅशफाइल ही कमांड देते, लिनक्समध्ये एसएचए२५६सम. अर्धी डाउनलोड झालेली फाइल चढवणं नवीन संकट ओढवून घेणं आहे. आणि फाइल खरोखर लॅपटॉपवर आहे ना? क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमध्ये नाव दिसतं, पण फाइल अजून उतरलेलीच नसते. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करा. झाली तर आहे. हे केल्याशिवाय पुढे वाचू नका.

हत्यारं पटकन सांगतो. लॅन पोर्ट असलेला लॅपटॉप, नसेल तर डोंगल, ड्रायव्हर आधी चालवून बघितलेला. दोन चांगले पॅच कॉर्ड, रीसेटसाठी पिन, क्रिम्पर, टेस्टर, शिडी. पीओई इंजेक्टर (केबलमधून वीज देणारा अॅडॅप्टर) नेताना व्होल्टेज वाचा. २४ व्होल्टचा पॅसिव्ह वेगळा आणि ८०२.३ एएफ या मानकाचा वेगळा. ४८ व्होल्टचा पॅसिव्ह इंजेक्टर २४ च्या डिव्हाइसला लावला तर ते जळू शकतं. विंडोजमध्ये टीएफटीपी क्लायंट (डिव्हाइसला फाइल पाठवणारा छोटा प्रोग्रॅम) मुळात बंद असतो, तो घरूनच चालू करून निघा.

चढवण्याचा क्रम पाळा. कंट्रोलर आधी. तो सुरू व्हायला वेळ लावत असेल तर लावू द्या, मध्येच मशीन बंद करू नका. मग एकच अॅक्सेस पॉइंट, ज्या खोलीत कोणी नाही तिथला. त्याच्याखाली फोन जोडून बघा, जेवून या, पुन्हा बघा. ठीक असेल तर बाकीचे. वायरलेस मेश, म्हणजे केबलशिवाय एकमेकांना जोडलेले अॅक्सेस पॉइंट, असतील तर सर्वांत दूरचा आधी, मुळाजवळचा शेवटी. नाहीतर मधला दुवा अपडेटला गेला की पलीकडच्यांची वाटच तुटते. पीओई स्विचचं अपडेट अॅक्सेस पॉइंटबरोबर कधीच नको. स्विच रीस्टार्ट झाला की सगळ्यांची वीज जाते, आणि त्यातल्या एखाद्यावर तेव्हा फर्मवेअर लिहिलं जात असेल तर तो गेलाच. राउटर सगळ्यांत शेवटी. मायक्रोटिकमध्ये राउटरओएस (मुख्य सॉफ्टवेअर) चढल्यावर राउटरबोर्डचं फर्मवेअर वेगळं चढवून पुन्हा रीस्टार्ट करावं लागतं, हे राहून जातं.

आता बिघडलंच तर. कंट्रोलरमध्ये सगळं लाल दिसतंय, डिस्कनेक्टेड म्हणतंय. रीसेटची पिन खाली ठेवा. आधी फोन काढून बघा वायफाय चालू आहे का. बहुतेक अॅक्सेस पॉइंट कंट्रोलरशिवायही दिलेल्या सेटिंगवर चालत राहतात, फक्त पाहुण्यांचं लॉगिन पान कंट्रोलरवर असेल तर ते अडतं. वायफाय चालू असेल तर घाई कशाचीच नाही. रीसेट मारलात तर चालू असलेलंही जाईल आणि दोष सांगणारे लॉगही पुसले जातील. आधी लॉग उतरवून घ्या.

मग कंट्रोलरचा आयपी बघा. रीस्टार्टनंतर त्याला डीएचसीपीकडून (आपोआप आयपी वाटणाऱ्या सेवेकडून) दुसराच मिळाला असेल, तर सगळी डिव्हाइस जुन्या पत्त्यावर हाका मारत असतात. आयपी पक्का करा. मग फायरवॉल. विंडोजवर नेटवर्क पब्लिक झालं किंवा कंट्रोलरच्या प्रोग्रॅमचा मार्ग बदलला की जुनी परवानगी लागू होत नाही. युबिक्विटीच्या युनिफायमध्ये डिव्हाइस टीसीपी पोर्ट ८०८० वर कंट्रोलरशी बोलतं, टीपी-लिंकच्या ओमाडामध्ये शोध यूडीपी २९८१० वर आणि पुढचं टीसीपी २९८११ ते २९८१४ वर, कॅपवॅप या प्रोटोकॉलवर चालणाऱ्यांत यूडीपी ५२४६ आणि ५२४७. हे पोर्ट (जोडणीचे क्रमांक) फायरवॉलमध्ये उघडे आहेत का ते तपासा. मग घड्याळ. बऱ्याच डिव्हाइसमध्ये घड्याळाला बॅटरी नसते, रीस्टार्टनंतर इंटरनेट मिळेपर्यंत तारीख भलतीच असते. चुकीच्या तारखेला सुरक्षा प्रमाणपत्र वैध ठरत नाही आणि जोडणी नाकारली जाते. वेळ बरोबर झाली की ती आपोआप जुळते.

५ गिगाहर्ट्झचं नाव दिसत नाही म्हणून घाबरू नका. चॅनल ५२ ते १४४ मध्ये असेल तर अॅक्सेस पॉइंट आधी किमान मिनिटभर रडार आहे का ते ऐकतो, मगच बोलतो. फोन जोडतात पण जुना टीव्ही किंवा प्रिंटर जोडत नाही, तर डब्ल्यूपीए३ किंवा संरक्षित मॅनेजमेंट फ्रेम्स या नव्या सुरक्षा सेटिंग आपोआप चालू झाल्या आहेत का बघा. काही साइट उघडतात, काही अर्ध्यात अडकतात, तर पीपीपीओईवर एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार) १४९२ आहे का बघा. कंट्रोलरचं पान विचित्र दिसतंय, तर ब्राउझरच्या प्रायव्हेट विंडोत उघडा.

एवढं करून एखादं डिव्हाइस येत नसेल तर त्याला एकट्याला इंजेक्टरवर लॅपटॉपला जोडा. डीएचसीपी नसताना युनिफायची डिव्हाइस १९२.१६८.१.२० वर येतात, ओमाडाचे अॅक्सेस पॉइंट १९२.१६८.०.२५४ वर. मायक्रोटिक राउटर मूळ सेटिंगवर १९२.१६८.८८.१ ला असतो. लॅपटॉपला त्याच रांगेतला पक्का आयपी द्या, वायफाय बंद करा, पिंग करा. उत्तर आलं तर कागदावरच्या पासवर्डने आत जा. युनिफायला कंट्रोलरचा पत्ता सेट-इन्फॉर्म या कमांडने पुन्हा सांगता येतो. तरीही नाही तर जुनी फाइल चढवा. कोणती, ते आता सांगायला नको. उत्तरच येत नसेल तर कंपनीच्या पद्धतीने, रीसेट दाबून धरत वीज द्या आणि टीएफटीपीने बायनरी मोडमध्ये फाइल पाठवा. मायक्रोटिकला त्यांचाच नेटइन्स्टॉल प्रोग्रॅम. यातही लागते तीच जुनी फाइल, लॅपटॉपवरची.

जुन्यावर परत आल्यावर अपडेटआधीचा बॅकअप चढवा, स्वयंचलित अपडेट बंद करा, नाहीतर रात्री पुन्हा तेच बीटा चढेल. लिंक स्पीड वहीशी ताडून बघा. लॉग, मॉडेल, दोन्ही व्हर्जन आणि काय केल्यावर काय झालं ते कंपनीला कळवा, प्री-रिलीज वापरणाऱ्याने एवढं करावंच. कागद राउटरच्या डब्यात प्लास्टिकच्या पिशवीत. पेनड्राइव्हवर जुन्या फाइली आहेत तशाच ठेवा, पुसू नका.