'ओब्रा डिन'वरची ६० माणसं : उत्तरं न बघता ओळखायची कशी

'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' हा लुकस पोप यांनी जवळजवळ एकहाती बनवलेला गेम २०१८ मध्ये संगणकावर आला आणि पुढच्या वर्षी प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि स्विचवर. १८०२ मध्ये लंडनहून पूर्वेकडे निघालेलं ईस्ट इंडिया कंपनीचं 'ओब्रा डिन' हे व्यापारी जहाज बेपत्ता होतं. १८०७ मध्ये ते इंग्लंडच्या फालमथ बंदराशी आपोआप येऊन लागतं, पण त्यावर जिवंत कोणीच नाही. तुम्ही कंपनीचे विमा तपासनीस. जहाजावर ६० माणसं होती, त्यातल्या प्रत्येकाचं नाव काय आणि शेवट कसा झाला, हे गेममधल्या वहीत लिहायचं. गेम साधारण ८ ते १२ तासांचा आहे आणि एकदाच खेळता येतो. उत्तरं कळली की परत खेळण्यासारखं काही उरत नाही, म्हणून इंटरनेटवर उत्तरं शोधायची नाहीत, ही पहिली अट.

सुरुवात करण्याआधी हेडफोन लावा. चित्र पूर्ण दोन रंगांत, ठिपक्याठिपक्यांचं आहे. डोळे शिणत असतील तर सेटिंगमध्ये जुन्या मॉनिटरच्या छटा आहेत, त्या बदलून बघा. शेजारी एक कोरी वही ठेवा. आणि शक्यतो आठवड्याभरात संपवा. महिनाभर रेंगाळलात तर चेहरे विसरतात आणि अर्धा वेळ ते पुन्हा ओळखण्यात जातो.

प्रेताजवळ गेलं की हातातलं जादूचं घड्याळ उघडतं. आधी पडदा काळा होतो आणि मृत्यूच्या अगदी आधीचं बोलणं, आवाज ऐकू येतात. मग मृत्यूचा तो एक क्षण गोठलेला दिसतो आणि त्यात तुम्ही चालत फिरू शकता. नवखे लोक नेमकी इथे चूक करतात. समोर मरणाऱ्याकडे बघतात आणि निघतात. खरी माहिती बहुतेक वेळा कडेला असते : मागच्या दारात उभा असलेला पोऱ्या, खालच्या मजल्यावर झोपलेले लोक, दोरखंडावर चढलेला माणूस. प्रत्येक प्रसंगात आधी भिंतीभिंतीने एक पूर्ण फेरी मारा, मग मधे या. जिथे झरोका किंवा फट असेल तिथून डोकावून झूम करा. प्रसंग नंतर कितीही वेळा उघडता येतो, मात्र त्यासाठी जहाजावर त्या जागी परत जावं लागतं.

पहिल्या फेरीत नावं लिहायची घाई करू नका. प्रसंग उलटसुलट क्रमाने सापडतात. वहीत दहा प्रकरणं आहेत आणि तुम्ही शेवटच्यापासून सुरू करता. आधी जेवढे प्रसंग उघडतील तेवढे बघून घ्या. वहीत जहाजावरच्या चित्रकाराने काढलेली रेखाटनं आहेत आणि त्यात सगळ्यांचे चेहरे आहेत. एखादा चेहरा धूसर असेल तर त्याची ओळख पटण्याइतकी माहिती तुमच्यापर्यंत अजून आलेलीच नाही. तिथे डोकं आपटू नका. चेहरा स्पष्ट झाला की समजा, उत्तर तुम्ही पाहिलं किंवा ऐकलं आहे. चेहऱ्याजवळचे त्रिकोण किती अवघड ते सांगतात : एक म्हणजे सोपं, तीन म्हणजे चिकाटी लागणार. एक त्रिकोणवाले आधी उरका.

ओळख पटवायची कशी, याचा सुरुवातीचाच एक नमुना घेऊ. (पहिल्या पाव तासातला आहे, पण एवढंही आधी कळायला नको असेल तर हा परिच्छेद सोडा.) खोलीबाहेरची माणसं कप्तानाला हाक मारतात आणि आतला माणूस गोळी झाडतो, म्हणजे आतला कप्तान. थोड्या वेळाने तोच कप्तान बायकोच्या प्रेतापाशी बसून तिच्या भावाबद्दल बोलतो. आता वहीतली, जहाजावरच्या सगळ्यांच्या नावांची यादी उघडा. बायकोच्या नावात नवऱ्याच्या आडनावाआधी तिचं माहेरचं आडनाव आहे, आणि ते आडनाव यादीत आणखी एकाच माणसाचं आहे. कुणीही कुणाचं पूर्ण नाव घेतलं नाही, तरी तिघं ओळखले गेले. पुढचा सगळा गेम याच जातीच्या विचारावर चालतो.

यादीत प्रत्येकाचा अनुक्रमांक, हुद्दा आणि देश दिलेला आहे. तिन्ही कामाला येतात. नावावरून देश ठरवू नका : सॉलोमन सय्यद, अब्राहम अकबर ही नावं भारतातून आलेल्या खलाशांची आहेत. हुद्दा कपड्यांवरून आणि सोबतीवरून कळतो. अधिकाऱ्याच्या मागे त्याचा नोकर असतो, डोलकाठीवर चढलेले लोक वेगळ्या गटातले, बोसन म्हणजे आपल्याकडचा सारंग आणि त्याच्या जवळपास त्याचा मदतनीस. शब्द अडले तर वहीच्या शेवटी जहाजी शब्दांचा कोश आहे. अनुक्रमांक कुठे दिसतो? खलाशांच्या झोपायच्या झोळ्यांवर. झोळीबाहेर आलेले पाय, बूट, मोजेसुद्धा जपून बघा, दुसऱ्या प्रसंगात तेच पाय उभे असतात. बोलण्यातला लहेजा आणि भाषा याही खुणाच आहेत. वहीत एखाद्या चेहऱ्यावर खूण केली की तो ज्या ज्या प्रसंगांत आहे ती पानं दिसतात. या सोयीशिवाय तीन त्रिकोणवाले सुटणं फार कठीण.

मृत्यूचं कारण लिहिताना घड्याळ थांबलेला क्षणच धरा. एका प्रसंगात जखमी दिसलेला माणूस दुसऱ्याच कारणाने मेलेला असू शकतो. भोसकलं की भाल्याने मारलं, अशा काही शंकास्पद ठिकाणी एकाहून जास्त उत्तरं मान्य होतात, तिथे अडून बसू नका. प्रत्येकाचं प्रेत सापडेलच असं नाही, आणि प्रत्येक जण मेलेलाच आहे असंही गृहीत धरू नका.

तीन नोंदी पूर्ण बरोबर झाल्या की गेम त्या कायम करतो आणि हस्ताक्षराच्या जागी छापील अक्षरं येतात. दोन नोंदींची खात्री असेल तर तिसऱ्या जागी दोन-तीन पर्याय बदलून बघता येतात. पर्याय तेवढेच उरले असतील तेव्हा हे रास्त आहे. पण वीस नावं फिरवत बसलात तर गेमची सगळी मजा स्वतःच्या हाताने घालवाल. त्यापेक्षा कोऱ्या वहीत चार रकाने आखा : चेहरा, कुठे दिसला, कोण सोबत, कोण नाही. चौथा रकाना सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

सगळे प्रसंग बघून झाले की वादळ सुरू होतं आणि नावाडी परत चला म्हणतो. त्याचं ऐकून लगेच होडीत बसू नका, जहाजावर हवा तेवढा वेळ थांबता येतं. एक प्रकरण वहीत बंदच राहिलेलं असेल. ते उघडायचं तर निघण्याआधी ५८ जणांची नोंद बरोबर हवी. उरलेल्या दोघांचं त्यानंतर कळतं.