सरकत्या रबरी सीलसाठी वंगण निवडताना
वंगण घेण्याआधी सील कोणत्या रबराचे आहे हे ओळखावे, कारण नायट्राइल रबराला खनिज तेलाचे ग्रीस सहसा चालते, परंतु तेच ईपीडीएम या दुसऱ्या कृत्रिम रबराच्या ओ-रिंगला (गोल कड्यासारख्या सीलला) लावल्यास ती तेल शोषून फुगते, मऊ पडते आणि दट्ट्या जड सरकू लागतो. या दोन्ही रबरांना सिलिकॉन ग्रीस चालते. मात्र सील सिलिकॉन रबराचेच असेल, तर सिलिकॉन ग्रीस कटाक्षाने टाळावे आणि महाग असले तरी परफ्लुओरोपॉलिइथर (फ्लोरिनयुक्त कृत्रिम तेलाचे) ग्रीस घ्यावे. रबराची खात्री नसेल, तर तशीच जादा रिंग निवडलेल्या वंगणात काही दिवस बुडवून ठेवावी व आधीची आणि नंतरची जाडी कॅलिपरने (जाडी मोजण्याच्या साधनाने) मोजून ती फुगली का ते पाहावे. जुने ग्रीस पूर्ण पुसून, रबरावर केवळ ओलसर चकाकी दिसेल इतकाच थर बोटाने द्यावा. जास्तीचे ग्रीस धूळ धरते आणि ती धूळ सीलची कड झिजवते.