पोलिसांविरुद्ध अर्ज लिहिताना: कोर्टाबाहेरच्या टायपिंगवालीकडून

सोलापूर कोर्टाबाहेर माझं टायपिंगचं टेबल आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, अर्ज, सगळं टाइप करून देते. पोलिसांविरुद्ध तक्रार घेऊन येणारा माणूस संतापलेला असो की घाबरलेला, सुरुवात एकच: "लै त्रास दिला बघा ताई, विनाकारण मारलं." हे मी टाइप करत नाही. विनाकारण होतं की नाही ते वकील बघतील. मला वेळ सांगा, जागा सांगा, माणूस सांगा.

यंत्रमागावर काम करणाऱ्या एका पोराची आई आली होती. तिला म्हटलं, अक्का, घाई नाही, आठवून सांगा. मग हळूहळू निघालं: रात्री साडेनऊच्या सुमारास घरासमोरून दोघांनी मोटारसायकलवर बसवून नेलं, एक गणवेशात, एक साध्या कपड्यात. कशासाठी ते सांगितलं नाही, घरच्यांना कळवलं नाही. डाव्या कानावर दोनदा मारलं, साडेअकराला सोडलं, मोबाइल ठेवून घेतला. समोरचा पानवाला बघत होता. गणवेशातल्याच्या छातीवरचं आडनाव पोरानं वाचलेलं होतं, पण ते सांगण्यासारखं आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं! अर्ज म्हणजे एवढंच. नाव नसेल तर बक्कल नंबर (पोलिसाच्या बिल्ल्यावरचा क्रमांक), तोही नसेल तर गाडीचा नंबर आणि वर्णन.

या साध्या वाक्यांमागे कायदा उभा असतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे, अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीनं झाला पाहिजे (कलम ३६), कारण सांगितलं पाहिजे (४७), घरच्यांना कळवलं पाहिजे (४८), २४ तासांत न्यायाधीशांपुढे उभं केलं पाहिजे (५८). "अटक नव्हती, चौकशीला आणलं होतं" हे उत्तर हमखास येतं. म्हणून नेल्याची आणि सोडल्याची वेळ दोन्ही लिहा. साक्षीदार म्हणून बाईला किंवा साठीपुढच्या माणसाला ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब घरी येऊन घ्यायचा असतो.

मार लागला असेल तर अर्जाच्या आधी सिव्हिल, म्हणजे सरकारी दवाखाना. डॉक्टरांना "पडलो" सांगू नका. कुणी मारलं, कशानं मारलं, ते केसपेपरवर लिहून घ्या. माणूस अजून कोठडीत असेल तर पहिल्या रिमांडलाच, म्हणजे कोठडीसाठी कोर्टात उभं करतात तेव्हाच, न्यायाधीशांना तोंडानं सांगायचं. तिथं गप्प राहिलेला माणूस नंतर सांगायला लागला की सरकारी वकील पहिला प्रश्न हाच विचारतात: तेव्हा का नाही सांगितलं?

अर्जात एक ओळ मी न विचारता घालते: "सदर वेळेचं ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रीकरण जतन करावं." सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावून चित्रीकरण अठरा महिने, निदान एक वर्ष ठेवायला सांगितलं आहे. मागितलं नाही, तर पुढं "उपलब्ध नाही" असं उत्तर यायला कितीसा वेळ लागतो?

आता द्यायचा कुणाला? शहरात आयुक्तालय आहे, तिथं पोलीस उपायुक्त किंवा आयुक्त. मोहोळ, बार्शी, अक्कलकोटकडच्यांनी सोलापूर ग्रामीणच्या अधीक्षकांकडे. दोन प्रती न्या. एक बारनिशीत (आवक टपालाच्या टेबलावर) द्या, दुसरीवर तारखेसह पोच घ्या. "ठेवून जा, साहेब बघतील" म्हणाले तर अर्ज परत घ्या आणि स्पीड पोस्टानं पाठवा, पावती फेकू नका. काउंटरवर हुज्जत घालून कुणाचं काम झालेलं मी पाहिलं नाही.

ठाण्यात फिर्यादच घेत नसतील तर मार्ग थोडा वेगळा. दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) गुन्हा दिसत असेल तर नोंद करावीच लागते, हे २०१३ च्या ललिता कुमारी निकालापासून पक्कं आहे. चोरीची फिर्याद सांगितली आणि हातात एनसीची (अदखलपात्र नोंदीची) पावती पडली, तर ती तिथंच वाचा. त्याच सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणं वरिष्ठांना लेखी कळवा आणि तिथंही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करा. इथं मात्र वकील लावा, माझ्या टायपिंगवर भागवू नका.

कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी अशा गोष्टींसाठी पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात २०१४ च्या दुरुस्तीनं ते आलं. सोलापूर पुणे विभागात मोडतं. मानवी हक्क आयोगाकडे जायचं तर घटनेपासून एक वर्षाच्या आत.

आणि वाढवून लिहू नका. दोन थपडांचे दहा दांडके केले की केसपेपर जुळत नाही, मग खरं तेही खोटं ठरतं. वर, खोटी माहिती देणं हा गुन्हा आहेच.

पैसे मागितले असतील तर यातलं काहीच आधी करू नका. पैसे देण्याच्या आत लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करा. एकदा दिले की सापळा लावायची संधी गेली, आणि ठाण्यात आधीच अर्ज टाकला असेल तर समोरचा सावध झालेला असतो.