नर्व्ह जोडायचा मायक्रो सेट: टोकं कशी सांभाळायची

माझे वडील रविवार पेठेत घड्याळं दुरुस्त करायचे. जिन्याखालची जागा, काचेची पेटी, डोळ्याला लावलेलं भिंग. त्यांच्या चिमट्यांना आम्हा भावंडांनी हात लावलेला त्यांना खपत नसे. पुढे मी नर्सिंग केलं, पुण्यातच ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये लागले आणि पहिल्यांदा मायक्रो सेट, म्हणजे मायक्रोस्कोपखाली वापरायच्या बारीक इन्स्ट्रुमेंटचा संच, उघडला तर आत तोच चिमटा. ज्वेलर्स फोर्सेप म्हणतात त्याला. सोनार आणि घड्याळजींच्या पेटीतूनच तो शस्त्रक्रियेत आला आहे, तीन नंबर, पाच नंबर हे आकडेही तिकडचेच. बावीस वर्षं मी हा सेट लावते आहे. नव्याने ओटीत येणाऱ्या सिस्टर आणि टेक्निशियन मुलांना जे मी रोज तोंडी सांगते, ते इथे लिहिते.

आमच्याकडे येतात ते हात भोसरी-चाकणच्या प्रेस मशीनमध्ये सापडलेले, खिडकीच्या काचेवर आपटलेले, संक्रांतीच्या दिवसांत मांजाने चिरलेले. नातेवाईक म्हणतात, ‘नस कापली.’ त्यांच्या नशीत रक्तवाहिनी, टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) आणि नर्व्ह (निरोप नेणारा मज्जातंतू), तिन्ही येतात. त्यातली नर्व्ह सगळ्यात सावकाश बरी होते. जोडल्यानंतर ती दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, म्हणजे मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत पोचायला सहा महिने तरी लागतात. मंडईत गजरे विकणारी एक बाई आठवते. सातव्या महिन्यात दाखवायला आली आणि दारातूनच म्हणाली, “सिस्टर, काल सुई टोचली आणि मला कळलं!” टोचल्याचा एवढा आनंद मी दुसऱ्या कुठल्याही वॉर्डात पाहिलेला नाही. कौशल्य सर्जनचं, पण त्यांच्या हातातली टोकं नीट असणं हे आपलं काम.

तर आधी तपासणी. सेट ऑटोक्लेव्हला (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) जाण्याआधी, ओटीत गर्दी नसताना, प्रत्येक टोक मायक्रोस्कोपखाली बघा. नुसत्या डोळ्यांना सरळ दिसणारा चिमटा भिंगाखाली आकड्यासारखा वळलेला निघतो. चिमटा हलक्या हाताने मिटा. दोन्ही टोकं आधी एकमेकांना टेकली पाहिजेत आणि मग मागचा भाग जवळ आला पाहिजे. जोर दिल्यावर टोकं फाकत असतील तर तो बाजूला काढा. नीडल होल्डरमध्ये मुदत संपलेला १०-० चा धागा (पुढचा आकडा मोठा तितका धागा बारीक) पकडून ओढा, सुटता कामा नये. कात्रीने ओल्या ग्लोव्हचा पातळ तुकडा कापा. टोकापर्यंत स्वच्छ कापला तर ठीक, चावत गेला तर तिला धार लावायला पाठवा. हे सगळं दहा मिनिटांत होतं आणि ही दहा मिनिटं मी कुणालाही वाचवू देत नाही.

ट्रॉलीवर मायक्रोचे सामान वेगळे मांडा. रिट्रॅक्टर (जखम उघडी धरणारी जड इन्स्ट्रुमेंट), आर्टरी फोर्सेप एका टेबलावर आणि मायक्रो सेट दुसऱ्या छोट्या टेबलावर, ओल्या टॉवेलवर नव्हे, सिलिकॉनच्या मॅटवर. सेटमध्ये दोन-तीन ज्वेलर्स फोर्सेप, स्प्रिंगचा वाकड्या टोकाचा नीडल होल्डर, एक वाकडी कात्री ऊती सोडवायला आणि एक सरळ कात्री एवढं तरी असतंच. शेजारी बारीक टोकाचा बायपोलर, म्हणजे दोन टोकांमध्येच वीज जाऊन रक्त थांबवणारा चिमटा. साधी कॉटरी नर्व्हजवळ नाही. लाकडी टंग डिप्रेसर दोन-तीन ऑटोक्लेव्ह करून ठेवा. नव्या मुली विचारतात की घसा बघायची पट्टी इथे कशाला? नर्व्हचं चेचलेलं टोक त्या ओल्या पट्टीवर ठेवून सर नव्या पात्याने काप काढतात, आतले तंतूंचे गुच्छ निरोगी दिसेपर्यंत. प्रत्येक वेळी कोरं पातं मागितलं जातं, म्हणून हाताशी भरपूर ठेवा. गॉझ मात्र या टेबलावर आणू नका. त्याचा एखादा धागा चिमट्याच्या टोकात अडकतो आणि ओढताना टोकच वाकतं. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातून एक पाच नंबर असाच गेला. पुसायला सेल्युलोजचे स्पंज, आणि जखम ओली ठेवायला बोथट कॅन्युला लावलेली सलाइनची सिरिंज.

नर्व्ह स्टिम्युलेटर (नर्व्हला हलकी वीज देऊन स्नायू हलतो का बघायचं यंत्र) लागणार असेल तर भूलतज्ज्ञ मॅडमना आधीच सांगा. स्नायू सैल करणारं औषध अंगात असेल तर नर्व्ह कितीही चांगली असो, बोट हलणार नाही. हाताला टूर्निके (रक्त थांबवणारा पट्टा) बांधून अर्धा तास उलटला की त्या प्रतिसादावरही विसंबता येत नाही. इजेनंतर पहिल्या तीनेक दिवसांत कापलेल्या नर्व्हचं पुढचं टोकसुद्धा स्टिम्युलेटरला उत्तर देतं, नंतर देत नाही. म्हणून केस किती तासांची आहे हे मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते.

आता धागा. मनगटाच्या मोठ्या नर्व्हला आमच्याकडे ८-० किंवा ९-० नायलॉन लागतो, बोटातल्या बारीक नर्व्हला ९-० किंवा १०-०. १०-० चा धागा केसाच्या साधारण एक तृतीयांश जाडीचा असतो. एसीचा झोत अंगावर असेल तर तो टेबलावरून उडून जातो आणि मग सगळे श्वास रोखून शोधत बसतात. पाकीट मायक्रोस्कोपच्या प्रकाशाजवळ, निळ्या किंवा पिवळ्या पार्श्वभूमीवर उघडा. सुई थेट सुईलाच धरून उचलू नका. सुईपासून थोड्या अंतरावर धागा चिमट्यात धरा, सुई खाली टेकून स्थिर होऊ द्या आणि मग नीडल होल्डरमध्ये पकडा, मधल्या भागात, टोकाशी नाही.

देताना एकच ध्यानात ठेवा. मायक्रोस्कोपमधून बघणारा माणूस नजर वर करत नाही. त्याचा हात पेन धरल्यासारखा पसरलेला असतो. इन्स्ट्रुमेंट त्या बोटांत अलगद, कामाच्या दिशेने ठेवायचं, टोक तुमच्या हाताला, टॉवेलला, कशालाच न लागता. परत घेतानाही तसंच. टेबलाला धक्का देऊ नका, मायक्रोस्कोपखाली तो भूकंपासारखा दिसतो.

सुया मोजताना चुंबकाची पाटी वापरू नका, चिकट फोमची वापरा. इतकी छोटी सुई हरवली तर एक्स-रेतही दिसेल याची खात्री नसते, म्हणून मोजणी कडक हवीच. पण चुंबकाजवळ ठेवलेला स्टीलचा चिमटा स्वतःच चुंबक होतो. मग सुई त्याला चिकटते, सोडली तरी सुटत नाही आणि सर वैतागतात. टायटॅनियमच्या इन्स्ट्रुमेंटला हा त्रास नाही. स्टीलचा चिमटा असा बिघडला तर डीमॅग्नेटायझर लागतो. त्यात चिमटा घालायचा आणि बटण दाबलेलं ठेवून सावकाश लांब न्यायचा, एकदम ओढायचा नाही. वडिलांकडे हीच डबी होती. घड्याळाची स्प्रिंग चुंबकाने भारली की घड्याळ पुढे पळतं, म्हणून. ते बाजूला छोटं होकायंत्र ठेवून काटा हलतो का बघायचे. मी अजून तसंच तपासते.

सगळ्यात जास्त नुकसान होतं धुताना, आणि तेही थकलेल्या हातांकडून. चार तासांची केस संपते, मावशी सगळं सामान एका बादलीत गोळा करतात, त्यात मायक्रो सेटही जातो आणि वर रिट्रॅक्टर पडतो. मी अशी एक बादली उघडली होती. पुढच्या दिवशीची नर्व्हची केस त्यामुळे दोन दिवस पुढे गेली, आणि त्या मुलाच्या आईला ते सांगताना मला फार लाजल्यासारखं झालं. तेव्हापासून मायक्रो सेट मीच धुते किंवा ज्याला मी शिकवलं तोच धुतो. मावशींना त्यात दोष नाही, त्यांना कुणी दाखवलेलंच नव्हतं.

रक्त सुकू देऊ नका. सलाइनमध्ये भिजत टाकू नका, मिठाने स्टीलवर खड्डे पडतात. हायपोक्लोराइटमध्ये तर कधीच नाही, फरशीवरच्या रक्तासाठी ते ठीक. एन्झाइमच्या द्रावणात, बाटलीवर लिहिलेल्या मापाने आणि तेवढाच वेळ, एक एक इन्स्ट्रुमेंट उघडं ठेवा. मऊ ब्रश सांध्याकडून टोकाकडे फिरवा, उलटा नको. अल्ट्रासॉनिकमध्ये घालायचं असेल तर कंपनीने चालेल म्हटलेलं असू दे, आणि एकमेकांना टेकणार नाहीत असं मांडा. शेवटचं पाणी डिस्टिल्डच. उन्हाळ्यात टँकर आणि बोअरचं पाणी आलं की टोकांवर पांढरे डाग पडतात, नंतर ते निघत नाहीत. पावसाळ्यात ओलावा सांध्यात बसतो, म्हणून दाबाच्या हवेने वाळवा आणि सांध्यावर इन्स्ट्रुमेंट मिल्क (इन्स्ट्रुमेंटचं दुधाळ वंगण) लावा.

वाळलं की पुन्हा एकदा मायक्रोस्कोपखाली बघा. मग टोकांना वाफ आत जाईल अशा सिलिकॉनच्या टोप्या, प्रत्येकाला ट्रेच्या आपल्या खाचेत आणि ट्रे ऑटोक्लेव्हच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात. कपाटातही वरच. आमच्या ट्रेवर मी मार्करने लिहिलं आहे: ‘यावर काहीही ठेवू नये.’ अक्षर पुसट झालं की दर दिवाळीला पुन्हा गिरवते.