आरव्हीच्या छतावर एसीच्या जागी हीट पंप

अमेरिकेत आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) घेऊन फिरणाऱ्यांसाठी: छतावरचा एसी गेला की त्याजागी हीट पंप, म्हणजे गार आणि गरम दोन्ही हवा देणारं युनिट, बसवायला छत कापावं लागेल, अशी धास्ती असते. बहुतेक गाड्यांत एसीसाठीचं छतातलं भोक १४ बाय १४ इंचांचंच असतं, त्यामुळे पंप तिथेच बसतो. अडतं ते थर्मोस्टॅटपाशी, म्हणजे तापमान ठरवणाऱ्या भिंतीवरच्या बटणांच्या डबीपाशी. जुना चालेल का, हे मागवण्याआधीच बघा.

१. बाहेरची वीज, जनरेटर, इन्व्हर्टर सगळं बंद. वायरींचे फोटो काढा.
२. आतून चार बोल्ट काढून जुनं युनिट उतरवा. वजन ४५ किलोच्या आसपास, दोघं तरी हवेतच.
३. भोकाभोवती पुसून कोरडं करा. नवं युनिट उचलूनच ठेवा. छतावरून सरकवलंत तर खालचं गॅस्केट (पाणी अडवणारी मऊ पट्टी) फाटतं आणि पहिल्याच पावसात गळती सुरू.
४. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. गॅस्केट दबून साधारण निम्म्या जाडीचं झालं की थांबा. त्याखाली सिलिकॉन थापायचा मोह नको.

गॅसवरचा फर्नेस (गाडी गरम ठेवणारा हीटर) मात्र काढू नका. पारा ४० फॅरनहाइटच्या खाली गेला की छतावरचे बहुतेक पंप हात टेकतात.