क्वेरीला लिमिट लावताय? आधी ऑर्डर बाय लावा

रत्नागिरी-देवगडकडचे बरेच बागायतदार हल्ली हापूस थेट गिऱ्हाइकाला विकतात आणि त्यांना छोटं अ‍ॅप बनवून देणारी पोरं गावातच असतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. एप्रिल आला की ऑर्डरींचं टेबल फुगतं आणि अ‍ॅडमिनचं पान उघडता उघडत नाही, कारण आत क्वेरी (डेटाबेसकडे केलेली मागणी) असते सिलेक्ट स्टार फ्रॉम विक्री, म्हणजे मागच्या सगळ्या सीझनच्या ऑर्डरी एका दमात मोबाइलवर. खाडीकाठच्या वाडीत जिथे रेंजची एकच काडी येते तिथे हे चालायचंच नाही.

लिमिट लावणं, म्हणजे किती ओळी हव्यात ते सांगणं, सोपं आहे. डेटाबेस मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, एसक्यूलाइट, तिघांतही क्वेरीच्या शेवटी लिमिट २० लिहायचं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये लिमिट नाही, तिथे सिलेक्टच्या लगेच पुढे टॉप २०. ओरॅकलला १२सी पासून फेच फर्स्ट २० रोज ओन्ली चालतं. त्याहून जुनं ओरॅकल असेल तर रोनम (ओळीचा नंबर), पण रोनमचे नंबर सॉर्ट व्हायच्या आधीच पडतात, त्यामुळे आतल्या सबक्वेरीत (क्वेरीच्या आतली क्वेरी) सॉर्ट करा आणि बाहेर रोनम २० पर्यंत घ्या, नाहीतर कुठल्याही २० ओळी उचलून तेवढ्याच सॉर्ट करून देईल.

आता मुद्द्याचं. ऑर्डर बाय, म्हणजे ओळी कुठल्या क्रमाने लावायच्या ते, नसेल तर लिमिटला काही अर्थ नाही. टेबलातल्या ओळींना क्रम नसतो, टेस्टिंगला शंभरेक ओळी असतात तेव्हा त्या टाकल्या तशा दिसतात म्हणून आपल्याला वाटतं की कायम तशाच येणार. पोस्टग्रेसमध्ये एखादी ऑर्डर "पोचली" म्हणून अपडेट केलीत की त्या ओळीची नवी प्रत तयार होते, ती दुसऱ्याच जागी जाऊन बसू शकते आणि पुढच्या वेळी तुमच्या "पहिल्या २०" वेगळ्याच निघतात.

नुसतं ऑर्डर बाय तारीख डेस्क (डेस्क म्हणजे उतरता क्रम, नवीन आधी) पण पुरत नाही हं. अक्षय्य तृतीयेच्या आधी एकाच दिवशी ढीगभर ऑर्डरी पडतात, तारीख सगळ्यांची तीच, मग त्यातली विसावी कुठली हे डेटाबेस आपल्या मर्जीने ठरवतो. पहिल्या पानावरची ऑर्डर दुसऱ्या पानावर परत दिसते आणि एखादी कुठल्याच पानावर येत नाही, म्हणजे त्या माणसाने पैसे भरलेत आणि त्याची पेटी भरलीच जात नाही. म्हणून नेहमी ऑर्डर बाय तारीख डेस्क, आयडी डेस्क. आयडी युनिक असतो, वाद मिटला.

पुढची पानं दाखवायला सगळे ऑफसेट (सुरुवातीच्या किती ओळी सोडायच्या तो आकडा) वापरतात. सुरुवातीच्या पानांना ठीक आहे, पण लिमिट २० ऑफसेट २०००० म्हटलंत की डेटाबेस तेवढ्या ओळी ओलांडून मगच तुमच्या २० देतो, तिथे थेट उडी मारता येत नाही त्याला. शिवाय तुम्ही पान बघत असताना वर नवीन ऑर्डर आली की सगळं एकाने खाली सरकतं. त्यापेक्षा शेवटच्या दिसलेल्या ओळीची तारीख आणि आयडी लक्षात ठेवा आणि पुढच्या क्वेरीत मागा: तारीख त्याहून जुनी, किंवा तारीख तीच पण आयडी लहान, आणि लिमिट २०. तारीख आणि आयडी या दोन्हीवर मिळून एक इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) हवा, मग शंभरावं पानही पहिल्याइतकंच पटकन येतं. थेट पान ४७ वर जायची सोय यात नाही, पण "आणखी दाखवा" बटणाला हेच बेस्ट.

ते बटण दाखवायचं की नाही यासाठी वेगळा काउंट मारत बसू नका, २० हव्यात तर २१ मागा, एकविसावी आली तर पुढे माल आहे, ती स्क्रीनवर दाखवायची नाही एवढंच.

जॉइन (दोन टेबलं जोडणं) असेल तर सांभाळा. एका ऑर्डरीत पायरी, हापूस, आंबापोळी अशा तीन ओळी असतील तर जॉइननंतरचं लिमिट २० म्हणजे २० ऑर्डरी नव्हेत, सहा-सात ऑर्डरीच येतील आणि शेवटची अर्धवट कापलेली. आधी सबक्वेरीत २० ऑर्डरी काढा, मग जॉइन करा आणि बाहेर परत ऑर्डर बाय लावा.

आणि लिमिटचा आकडा यूआरएलमधून घेत असाल तर सर्व्हरवर कमाल १०० ची मर्यादा घालाच, कोणीतरी दहा लाख टाकून बघतोच.