ओव्हल फ्रेममध्ये छायाचित्र बसवताना

‘चौकट’ या शब्दातच चार बाजू गृहीत धरलेल्या आहेत, म्हणून लंबगोल फ्रेमला चौकट म्हणणे मला अजूनही जड जाते. दुकानात आम्ही तिला सरळ ‘ओव्हल’ म्हणतो. पुण्यातील एका फ्रेमच्या दुकानात मी उमेदवारी करत होतो, तेव्हा पहिले आठ-दहा महिने माझ्या हाती केवळ चौकोनी कामे आली. चौकोनी फ्रेममध्ये कागद थोडा कमी कापला गेला तरी कोपरे त्याला फिरू देत नाहीत. ओव्हलमध्ये मात्र 8 बाय 10 इंचांच्या खाचेत चहूबाजूंनी एक मिलिमीटर जागा मोकळी राहिली, तरी चित्र दोन अंशांपर्यंत कलू शकते, आणि भिंतीवरच्या आजोबांची मान झुकलेली पाहुण्याच्या लगेच नजरेस येते.

हे टाळण्यासाठी मी पहिल्याच कामात कागद खाचेच्या कडेला अगदी घट्ट बसेल असा कापला. मे महिन्यात ते काम सुबक दिसत होते. जुलैमध्ये दमट हवेने कागद फुगला, त्याला सरकायला जागा उरली नव्हती, आणि ग्राहक फ्रेम परत घेऊन आले तेव्हा नवरीच्या शालूवर तीन ठसठशीत लाटा उठल्या होत्या. सुदैवाने ती प्रत होती, मूळ छायाचित्र नव्हते. नवशिक्यांना माझे पहिले सांगणे म्हणूनच असे की, मूळ छायाचित्राला कधीही कात्री लावू नये. ते स्कॅन करून घ्यावे आणि नवी प्रत काढावी. 8 बाय 10 इंचांसाठी 2400 बाय 3000 पिक्सेल पुरतात, पण छपाई 10 बाय 12 इंचांच्या कागदावर करून घेतली तर चित्र वरखाली सरकवून पाहायला मोकळीक राहते.

ही मोकळीक लागतेच, कारण आयताच्या चारही बाजूंना टेकणारा लंबगोल कापला की 21 टक्क्यांहून थोडा अधिक कागद निघून जातो आणि तो सगळा कोपऱ्यांतला असतो. एकट्या व्यक्तीच्या छायाचित्रात त्याने बिघडत नाही. जोडप्याच्या छायाचित्रात एकाचा खांदा जातो, आणि कुटुंबाच्या समूहचित्रात तर कडेला उभे असलेले काका-आत्या सरळ गायब होतात. असे छायाचित्र ओव्हलमध्ये बसवण्याचा आग्रह धरणाऱ्या ग्राहकाला नकार द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आकार आखण्याची जुनी रीत दोन टाचण्या आणि दोऱ्याची आहे. 10 इंच लांब आणि 8 इंच रुंद लंबगोलासाठी उभ्या मध्यरेषेवर, मध्यापासून वर आणि खाली तीन-तीन इंचांवर टाचण्या रोवाव्यात, त्यांच्याभोवती 16 इंच घेराचा दोऱ्याचा फास घालावा आणि तो ताणून धरत पेन्सिल फिरवावी. तथापि जुन्या, हाताने घडवलेल्या फ्रेम क्वचितच इतक्या गणिती असतात, म्हणून दुरुस्तीच्या कामात मी फ्रेमची काच काढून तिच्याच कडेने ट्रेसिंग कागदावर आकार उतरवतो. त्या कागदाची चौघडी घातली की कोणती बाजू फुगीर आहे ते लगेच दिसते. साच्यावर उभी मध्यरेषा आणि ‘वर’ ही खूण केल्याशिवाय पुढे जाऊ नये. हा पारदर्शक साचा प्रतीवर सरकवत चेहरा मध्यापेक्षा किंचित वर येईल असा ठेवावा आणि नाकाची रेघ मध्यरेषेशी ताडून पाहावी. कापताना रेषेबाहेर तीन मिलिमीटर सोडून पहिली फेरी करावी. दुसऱ्या फेरीत कात्री स्थिर ठेवून कागद फिरवावा आणि रेषेच्या एक मिलिमीटर आत यावे.

एवढी फट ठेवल्यावर चित्र कलू नये याची व्यवस्था चिकटवण्यात करायची असते. पाठपुठ्ठा आम्लविरहित घ्यावा. सेलोटेप टाळावा आणि चित्राची संपूर्ण पाठ गोंदाने माखू नये. जपानी हातकागदाच्या दोन छोट्या पट्ट्या चित्राच्या फक्त वरच्या कडेला, मागून लावाव्यात, म्हणजे चित्र जागेवर राहते आणि खालच्या बाजूस पसरू शकते. त्यासाठी गव्हाच्या सत्त्वाची शिजवलेली खळ वापरतात. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढणाऱ्या घरात तिचे रहस्य नव्याने सांगावे लागत नाही.

काच आणि चित्र यांत अंतर हवेच, कारण दमटपणात छायाचित्राचा जिलेटिनचा थर काचेला चिकटतो आणि ओढून काढताना चेहऱ्यासकट सुटतो. सपाट काचेमागे माउंटची, म्हणजे चित्राभोवती बसवलेल्या कापीव जाड पुठ्ठ्याची, कड हे अंतर देते. जुन्या ओव्हलमधील फुगीर काच मध्यभागी आपोआप दूर राहते, पण कडेला टेकते, म्हणून तिथेही पुठ्ठ्याची अरुंद पट्टी घालावी. फुगीर काच फुटली तर तशी दुसरी सहज मिळत नाही, त्यामुळे ती पुसताना फ्रेममधून काढून, सपाट जागी मऊ कापडावर ठेवावी.

मागची फळी बसवताना चुका, म्हणजे बारीक खिळे, हातोडीने ठोकू नयेत, पकडीने हलकेच दाबून बसवाव्यात. वाकवलेल्या लाकडाच्या फ्रेमला हादरा बसला की सांधा उघडतो. शेवटी कसर आत शिरू नये म्हणून मागची फट कागदी पट्टीने बंद करावी. कड्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना समान अंतरावर, वरच्या तिसऱ्या हिश्शात लावाव्यात. मी त्या मध्यरेषेची पेन्सिलची रेघ फळीवर तशीच ठेवतो, कारण पुढे कोणी फ्रेम उघडली तर वर कोणती बाजू हे त्याला शोधत बसावे लागत नाही.